बारा फोटोंचा रोल आणि खाडियातलं ऊन

गुरुवार

गुजरात मेल कालूपूर स्टेशनात शिरली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. जानेवारीत अहमदाबादला सूर्य सव्वासातनंतर उगवतो. काका, म्हणजे आत्याचे यजमान, स्कूटर घेऊन न्यायला आले होते, मफलर डोक्याला गुंडाळून. मणिनगरला पोचेपर्यंत माझे हात गारठले होते, पण मांडीवरची बॅग मी सोडली नाही. तिच्यात बाबांचा कॅमेरा होता.

यशिका मॅट १२४ जी. दोन भिंगं एकावर एक असलेला, पोटाशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. सोबत एचपी फाइव्ह प्लस या कृष्णधवल फिल्मचे आठ रोल, एक पिवळा आणि एक नारिंगी फिल्टर, हातातला लाइट मीटर आणि स्टँड. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, म्हणजे सगळे मिळून शहाण्णव. चार दिवसांसाठी तेवढे पुरे होते.

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. साताऱ्याला आमचा वाडा होता. मी नऊ वर्षांची असताना तो विकला आणि पाडला. बाबांनी याच कॅमेऱ्याने आयुष्यभर फोटो काढले, पण ते वाढदिवसांचे, मुंजींचे, डोहाळजेवणांचे. वाड्याचा असा एकही नाही. कुणाच्या तरी डोक्यामागे खांबाचा तुकडा दिसतो, आजीच्या पदराआड अर्धी देवळी, एका फोटोत तुळशीवृंदावनाचा कोपरा. ते तुकडे जोडून मी कितीदा तो वाडा उभा करायला बघितला, पण जमलं नाही. म्हणून आता जिथे जुनी लाकडी घरं अजून उभी आहेत तिथे जाते आणि घराचा फोटो घर म्हणून काढते. माणसं त्यात आली तर आनंदच आहे.

अहमदाबाद निवडलं त्याला दोन कारणं. एक, इथे आत्या राहते. दुसरं, जुन्या शहरातल्या पोळी. अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेलं हे शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, भारतातलं पहिलंच शहर म्हणून. मशिदी आणि दरवाजे तर आहेतच, पण माझा जीव अडकला तो पोळींत. पोळ म्हणजे एका दरवाजाआडची गल्ली, तिच्यातून फुटणाऱ्या खडक्या म्हणजे छोट्या उपगल्ल्या, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी असलेली सागवानी घरं, आणि चौकात खांबावर चढवलेलं पाखरांचं चबुतरं.

आत्याने गरम थेपले वाढले. "जेवून जा गं, पोळी कुठं पळून जात नाहीत," म्हणाली. जेवून निघाले आणि तिथेच चुकले. जुन्या शहरातल्या खाडियात पोचले तेव्हा अडीच वाजले होते आणि गल्ली विझलेली होती. वरच्या मजल्याच्या पन्हाळीवर उन्हाची एक रेघ, खाली सगळं राखाडी. लाकडावरचं कोरीवकाम त्या सपाट उजेडात भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखं दिसत होतं. कृष्णधवल फिल्मला रंग नसतो. तिच्याकडे असतो तो फक्त उजेड आणि सावली, आणि इथे दोन्ही नव्हती.

रात्री काकांशी बोलता बोलता हिशेब केला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, अहमदाबाद साडेबहात्तरच्या जवळ. त्यामुळे जानेवारीत इथली खरी मध्यान्ह होते पाऊण वाजता. तेव्हाही सूर्य असतो आभाळाच्या निम्म्यावर, दक्षिणेकडे कललेला. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या पोळीत पाऊणच्या आगेमागे ऊन तळापर्यंत उतरेल, आणि पूर्व-पश्चिम पोळीत दिवसभर फक्त एका बाजूच्या वरच्या मजल्यांवर पडेल. काकांनी आयुष्य गिरणीत काढलं, गिरणी बंद पडली तरी त्यांची वेळेची शिस्त गेली नाही. त्यांनी मला जुन्या शहराचा नकाशा काढून दिला आणि त्यावर उत्तरेचा बाण आधी काढला.

शुक्रवार

सकाळी कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महानगरपालिकेच्या हेरिटेज वॉकबरोबर गेले. १९९७ पासून हा वॉक चालू आहे, मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. लंबेश्वरच्या पोळीत कवी दलपतरामांच्या घराच्या जागी त्यांचा पुतळा बसलेला आहे, अगदी ओट्यावर बसावं तसा. एका खडकीतून शिरून भलतीकडेच बाहेर पडलो, तेव्हा दंगलींत लोक याच वाटांनी निसटायचे असं वाटाड्या म्हणाला. चांगलं फिरवलं त्यांनी. पण घोळक्याबरोबर फोटो होत नाहीत, मी एकच काढला आणि मग एकटी खाडियाकडे वळले.

पोळीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुणाच्या घरातलं आहे.

एका बंद घरापाशी थांबले. तीन मजली. दरवाजाला कुलूप, कुलपावर गंज. पण पहिल्या मजल्याच्या खाली तुळईला टेकू देणारे हस्त, इथे त्यांना मदल म्हणतात, असे की मी रस्त्यातच उभी राहिले. वेल खालून निघून वर जाते, मध्येच तिला एक पोपट बसलेला, त्याची चोच वेलीच्या कळीला लागते न लागते. असे चार. चौथ्या पोपटाचं डोकं गेलेलं.

खालून कॅमेरा वर केला की घर मागे पडल्यासारखं दिसतं, भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. घराचा फोटो घर म्हणून काढायचा तर कॅमेरा पातळीत हवा, आणि त्यासाठी समोरच्या पहिल्या मजल्यावर जायला हवं. समोरच्या ओट्यावर एक बा, म्हणजे आजी, शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास असतील. माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं, म्हणाल्या, "उपर चालो, दीकरी."

त्यांच्या खिडकीत स्टँड लावला. साडेअकरा झाले होते आणि समोरचं घर पूर्ण सावलीत होतं. मी घड्याळ बघत होते. बा म्हणाल्या, "तडको हमणां आवशे." ऊन येईल आता. मग सांगायला लागल्या. आधी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर येतं, तेव्हा त्या कुकर लावतात. पोपटांवर येतं तेव्हा कुकर उतरवतात. ओट्यावर येईस्तोवर जेवण झालेलं असतं. उन्हाळ्यात पोपटांवर लवकर येतं आणि फार वेळ राहतं, थंडीत वीस मिनिटं. एवढं अचूक सांगणारा लाइट मीटर मी पाहिलेला नाही.

वाट बघताना त्यांनी घर दाखवलं. आतल्या चौकाखाली टाकं आहे, पावसाचं पाणी साठवायचं, चुन्याने गिलावलेलं. गच्चीवरचं पाणी तांब्याच्या पन्हाळीतून खाली येतं. अजूनही भरतं, पण आता पितात नळाचं. भिंतीत विटांच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या होत्या, मी हात लावून बघितल्या. हे लाकूड विटांना धरून ठेवतं आणि हादरा बसला की भिंतीला थोडं हलू देतं. २००१ च्या भूकंपात नदीपलीकडच्या कितीतरी नव्या इमारती कोसळल्या. बा म्हणाल्या, हे घर बोललं. खूप बोललं. पण उभं राहिलं.

समोरच्या घरात आता कुणी नाही. चार भावांचे चार वाटे, एकमत होत नाही, सगळे नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेले. मधून मधून लाकूड विकत घेणारे येऊन बघून जातात. कोरलेले खांब, दरवाजे, अख्खे दर्शनी भाग इथून उचलून गेलेले आहेत, कुठल्या तरी हॉटेलात नाहीतर बंगल्यात लागले असतील. चौथ्या पोपटाचं डोकं गेलं ते तेव्हाच, कुणीतरी ओढून बघितलं असावं. हे सांगताना बांचा आवाज खाली आला. त्या घराशी त्यांचं काही नातं नव्हतं. साठ वर्षं समोर होतं, एवढंच.

साडेबाराला कठड्यावर ऊन आलं. खालच्या मजल्यावरच्या उजेडाची मोजणी मी आधीच करून ठेवली होती. उन्हात आणि सावलीत पाच स्टॉपचा, म्हणजे पाच वेळा दुप्पट उजेडाचा फरक, त्यामुळे फिल्मचा वेग ४०० असला तरी मी २०० धरला, म्हणजे तिला दुप्पट उजेड दिला, सावलीत काहीतरी उरावं म्हणून. डेव्हलप करताना वेळ कमी करायची की वरचं ऊन फुटत नाही. पिवळा फिल्टर लावला. सागाचा तपकिरी रंग त्याने थोडा उजळतो आणि भिंतीवरची जुनी निळी सफेदी गडद होते, म्हणजे लाकूड भिंतीपासून सुटून पुढे येतं.

आणि मग ऊन खाली उतरलं. आधी पहिल्या पोपटाची चोच. एक मिनिटात डोळा. मग पंखांवरची एकेक रेघ, प्रत्येक रेघेला स्वतःची काळी कड आली. वेलीची पानं लाकडातून वर उठली. दोन तासांपूर्वी जे सपाट होतं ते आता हात घालून धरता आलं असतं. मी चार फोटो काढले, प्रत्येकाच्या मध्ये श्वास सोडून. पाचवा काढला नाही. तेवढा वेळ नुसतं बघितलं.

बांना फोटो बघायचा होता. फिल्मवर लगेच काही दिसत नाही हे सांगितलं, आणि त्याऐवजी कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघायला लावलं. त्या काचेत डावं-उजवं उलटं होतं. बा वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या. त्यांच्या साठ वर्षांच्या ओळखीचं घर तिथे उलटं उभं होतं, गच्चीवरच्या पतंगाची शेपटी भलत्या दिशेला उडत होती. "अरे, पोपट मारी सामे जुए छे," म्हणाल्या. पोपट माझ्याकडे बघतोय. खाली कुकर करपला.

शनिवार

जामा मशीद सकाळी लवकर. १४२४ ची, आत २६० खांब. आत मीटर चार सेकंद म्हणाला. एवढ्या कमी उजेडात फिल्म आळसावते, चारच्या जागी सहा द्यावे लागतात. खांबांच्या रांगेत उभं राहिलं की कुठली रांग सरळ आणि कुठली तिरकी हे कळेनासं होतं. मी तीन फोटो काढले आणि त्यातला एक तरी बरा यावा अशी आशा आहे. सिदी सय्यदची जाळीही बघितली, १५७३ ची, दगडात विणलेलं ते झाड. एक फोटो. माणेक चौकात हरकुंवर शेठाणीची हवेली, पण तिच्यासमोर इतकी गर्दी आणि इतक्या तारा की दर्शनी भाग अर्धाच मिळाला.

रायखडला गायकवाडांची हवेली आहे. १७५८ ते १८१७ अहमदाबाद मराठ्यांकडे होतं आणि उत्पन्नाची वाटणी पेशवे नि गायकवाड यांच्यात होती. हवेलीत आता पोलिसांची कचेरी असते, म्हणून कॅमेरा बॅगेतच ठेवला आणि बाहेरून भिंत बघून निघाले. मराठी माणसाचा या शहराशी संबंध तिथे संपत नाही म्हणा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर वकिली इथेच करायचे आणि इथल्या नगरपालिकेचेही ते अध्यक्ष होते. काका हे दरवेळी सांगतात आणि दरवेळी मला ऐकायला आवडतं.

दुपारी रायपूरला मांजा रंगवणारे. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आठवड्यावर आलेलं, फुटपाथवर खांबाला खांब लावून दोरा ताणलेला, आणि दोन माणसं हातात लगद्याचा गोळा घेऊन त्यावरून मागेपुढे चालत होती. मैलभर गुलाबी. डोळ्याला इतका सुंदर की हात कॅमेऱ्याकडे गेला, मग थांबला. फिल्मवर हा गुलाबी फिकट राखाडी होणार, मागच्या भिंतीत विरघळून जाणार. नारिंगी फिल्टर लावला तर तो पांढरा होईल आणि मागची हिरवी भिंत गडद. तसंच केलं. दोऱ्यांच्या पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या मागे जुन्या घराचे काळे खांब. हा फोटो चांगला येणार हे मला तिथेच कळलं.

आणि तोच रोल मी घालवला. संपल्यावर काढताना घाई केली, उन्हात काढला, चिकटपट्टी लावण्याआधी तो बोटांतून सुटला आणि गुंडाळी सैल झाली. कडेने ऊन शिरलं असणार. तिथल्या एका दुकानाच्या सावलीत बसून मी तो घट्ट गुंडाळला, पण गेलेलं परत येत नाही. मांजाचा फोटो रोलच्या शेवटी होता, म्हणजे सगळ्यात बाहेर. रात्री आत्याला सांगताना डोळ्यांत पाणी आलं. ती काही बोलली नाही, ताटात आणखी एक भाकरी टाकली.

रविवार

सकाळी सात वाजता तीन दरवाजा. दिवसा इथे उभं राहायला जागा नसते, कपड्यांची, चपलांची, भांड्यांची दुकानं कमानीच्या पोटापर्यंत येतात. सकाळी फक्त चहावाला आणि कबुतरं होती. पंधराव्या शतकातल्या तीन कमानी, पलीकडे भद्रचा किल्ला.

मला कमानी नको होत्या. मला त्यांच्या दगडातला एक लेख हवा होता.

१८१२ साली मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी तो कोरवला. देवनागरीत. हुकूम असा की मुलीला बापाच्या मालमत्तेतला तिचा हिस्सा विनाअडथळा द्यावा. जो देणार नाही, तो हिंदू असेल तर त्याने महादेवाला जाब द्यावा आणि मुसलमान असेल तर अल्लाला. भर बाजारात, शहरातल्या सगळ्यात वर्दळीच्या दरवाजावर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसावा म्हणून लावलेला. दोनशेहून जास्त वर्षं झाली.

समोरून बघितलं तर दगड नुसता दगड दिसतो. अक्षरं झिजलेली, वर धुळीचा थर. कोरलेल्या अक्षराला आडवा उजेड लागतो, दगडाच्या अंगाला घासून जाणारा. माझ्याकडे काकांची बॅटरी होती. चहावाल्याला विचारलं, त्याने चहाची किटली खाली ठेवली आणि बॅटरी घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला म्हणत होते अजून खाली, अजून भिंतीलगत. आणि एका ठिकाणी उजेड बरोबर घासला. शिरोरेघा उभ्या राहिल्या. खाचांमध्ये सावली भरली. एका ओळीतले दोन शब्द मला वाचता आले, मग दुसऱ्या ओळीतला अर्धा.

मीटर आठ सेकंद म्हणाला, मी पंधरा दिले. जवळून काढताना वरच्या भिंगातून दिसतं ते आणि खालच्या भिंगातून फिल्मवर पडतं ते एक नसतं, म्हणून चौकट ठरवली आणि मग दोन भिंगांत जेवढं अंतर तेवढा स्टँड वर उचलला. पंधरा सेकंद चहावाला पुतळ्यासारखा उभा राहिला. असे तीन फोटो. त्याने विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. तो म्हणाला, मी रोज इथे बसतो. मग त्याने स्वतः बॅटरी फिरवून पुन्हा एकदा बघितलं.

दुपारी आत्याच्या न्हाणीघरात काळ्या पिशवीत हात घालून रोल रिळावर चढवले. आयडी-११ हे डेव्हलपर, वीस अंशांवर. नळाचं पाणी तेवीस होतं, बर्फाच्या खड्यांवर बाटली ठेवून उतरवलं. पोळींच्या रोलांना साडेसात मिनिटांऐवजी सहा. दर मिनिटाला डबा चार वेळा उलटा-सुलटा. काकांनी मिनिटं मोजली, मोठ्याने, गिरणीतल्यासारखी. मांजाच्या फोटोवर ऊन चढलंच होतं, अर्धी चौकट काळी. पण पोपट आले होते. चारही फोटोंत चारही पोपट, डोकं नसलेलाही.

निगेटिव्ह कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगल्या. आत्या पदराला हात पुसत आली आणि तीन दरवाजाच्या पट्टीपाशी थांबली. दगड काळा झालेला, अक्षरांच्या खाचा उजळ. मी कडेला धरून ती ट्यूबलाइटसमोर केली.

"उलटं आहे," आत्या म्हणाली.

मी पट्टी फिरवली. अक्षरं सुलट झाली.

"काय आहे हे?"

मी सांगितलं. आत्याने पुढे होऊन डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. एक शब्द लागला. पुढचा नाही लागला. मागे न बघता म्हणाली, "वाडा विकायचा ठरला ना, तेव्हा दादा इथे आला होता. हक्कसोडपत्र घेऊन. मी पोळ्या करत होते. हात धुतले, सही केली, परत पोळ्या लाटायला लागले. दादा जेवून गेला."

मला हे माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. वाडा गेला म्हणून इतकी वर्षं मी हळहळत होते, आणि तो कुणाकुणाचा होता हे मात्र मी मोजलंच नव्हतं. काय बोलावं कळेना, मी तशीच पट्टी धरून उभी राहिले. हात भरून आला.

"याचा मोठा फोटो करता येतो ना?" आत्याने विचारलं.

"येतो."

"मला एक दे."

"केवढा करू?"

ती बाहेरच्या खोलीत गेली. भिंतीवरचं कालनिर्णय तिने खिळ्यावरून काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि रिकाम्या भिंतीवर दोन्ही हात पसरून मला माप दाखवलं.